लिटरला दहा

अहो,

अभय परवा गेला. विमानतळावरून त्याचा फोन आला. "आई, मुलांसाठी बाबांबद्दल काहीतरी लिहून ठेव. मी त्यांना वाचून दाखवीन." मी विचारलं, "काय लिहू?" तर म्हणाला, "टपरीचं लिही. इराला आणि कबीरला आजोबा म्हटलं की तेवढंच आठवतं." म्हणून आज सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद घेतले, समास आखला आणि नातवंडांना लिहायला बसले. पण पहिला शब्द 'अहो' असाच पडला. तो खोडला नाही. मुलं ऐकतील, पण बोलायचं तुमच्याशीच आहे. सहा वर्षं तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. ती आता सांगून काही उपयोग नाही हे मला कळतं. तरी सांगते.

तुम्ही तिला टपरी कधीच म्हणाला नाहीत. तुमचा तो ट्रेलर होता. कारखान्यात बाहेरची यंत्रं आली, मागोमाग कोट घातलेले सल्लागार आले, आणि निवृत्तीला तीन वर्षं असताना तुमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. त्यात स्वेच्छा कोणाची होती, हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. महिनाभर गॅलरीत बसून होतात. मग एका दुपारी मी वह्या तपासत असताना येऊन विचारलंत, "नलू, तू मुलींना लडाख शिकवतेस ना?"

"तीस वर्षं शिकवतेय. थंड वाळवंट, विरळ लोकवस्ती, पर्जन्यछायेचा प्रदेश."

"पाहिलं का कधी?"

"नकाशात."

"मग काय शिकवून राहिली बाप्पा तू इतकी वर्षं?"

तुमचं अमरावतीचं बोलणं लाडात आणि रागात वर यायचं. त्या दिवशी ते लाडात आलं होतं.

मी कुठे का जात नाही, हे तुम्हाला माहीत होतं. लॉजमधल्या चादरीवर मला झोप लागत नाही. परक्या न्हाणीघरात पाय ठेववत नाही. सदाशिव पेठेतल्या माझ्या माहेरी यावरून सगळे माझी चेष्टा करायचे, तुम्ही मात्र कधी केली नाहीत. तुम्ही तो एक तांत्रिक प्रश्न धरलात. "तुझी खोलीच बरोबर नेऊ," म्हणालात, आणि भोसरीच्या एका शेडमध्ये आठ महिने खपून ती खोली बांधलीत. खाली लोखंडी सांगाडा आणि दोन चाकं, प्लायवूडच्या भिंती, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आत माझा बिछाना, तुमचा बिछाना, छोटा ओटा. मागच्या भिंतीला घडी होणारे दोन लहान बाक, एकावर एक. अभय नुकताच लग्न करून संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता. "दोन बाक कशाला?" मी विचारलं. "येतील तेव्हा झोपतील कुठं?" तुम्ही म्हणालात. कोण येणार हे विचारायची गरजच नव्हती.

मुलांनो, तुमच्याकडे अशी घरं गाडीमागे सर्रास दिसतात. आपल्या सहकारनगरात कोणी पाहिलेलं नव्हतं. आरटीओतले साहेब दोनदा भोवती फिरले आणि म्हणाले, "काका, यात विकणार काय?" आजोबा म्हणाले, "काहीच नाही." "मग ओढणार कशाला?" सोसायटीच्या आवारात ती उभी केली तर तिसऱ्या दिवशी दोन रिक्षावाले कटिंग मागायला आले. मग आजोबांनी दारावर पाटी लावली. 'येथे चहा मिळत नाही. वडाही मिळत नाही. इतर काही मिळते का, हे विचारू नये.' त्या पाटीनंतर तिचं नाव टपरी पडलं ते पडलंच.

अहो, तुम्ही आधी इंधनाचा प्रश्न सोडवायला घेतलात. आपली जुनी डिझेल जीप एकटी लिटरला बारा किलोमीटर द्यायची. टपरी मागे जोडली की नऊ-साडेनऊवर यायची. तुम्हाला दहा हवे होते. लोकांना वाटायचं, हा म्हाताऱ्याचा हट्ट आहे. पण त्यात हिशेब होता. लडाखच्या वाटेवर साडेतीनशेहून जास्त किलोमीटर एकही पंप नाही. आपली टाकी चाळीस लिटरची. "इथं दहा मिळाले तर तिथं चढावर, विरळ हवेत कसेबसे पुरतील. इथंच साडेनऊ मिळाले तर तुला मी कुठल्या तरी खिंडीत उभी करीन, नलू. ते मी करणार नाही."

"दोन कॅन डिझेल बरोबर घ्या ना," मी म्हटलं होतं.

"ज्यात तू झोपणार त्यात डिझेल ठेवू? आणि कॅन म्हणजे वजन. वजन म्हणजे आणखी डिझेल. डिझेल वाहायला डिझेल जाळायचं?"

हे वाक्य मला पाठ आहे. का पाठ आहे ते पुढे येईल.

दहा मिळाल्याशिवाय निघायचं नाही, असं ठरलं. चाचणीचा रस्ता तुम्ही ठरवलात. सातारा रस्त्यावरच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची. जीप दोन्ही हातांनी हलवायची, म्हणजे आतली हवा निघते, आणि पुन्हा भरायची. मग कात्रज, खंबाटकीचा घाट, वाई. वाईला नदीकाठी एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी परत त्याच पंपावर, त्याच नळीखाली, जाऊन-येऊन एकशे एकाहत्तर किलोमीटर. जितके लिटर मावतील तितके जळले. वेग पन्नासच्या वर न्यायचा नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवून हैराण करायचे, आणि तुम्ही खिडकीतून हात काढून त्यांना शांतपणे पुढे जायला सांगायचात. नोंदवही माझ्या मांडीवर असायची. किलोमीटर, लिटर, भागाकार, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. आकडे माझ्या अक्षरात, शेरा तुमच्या. 'वारा समोरून.' 'घाटात ट्रक बंद, अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये.'

टपरीत काय काय आहे याची यादीही मीच ठेवायची. तुम्ही टपरी रिकामी असताना काट्यावर नेऊन वजन करून आणली होतीत. पुढे आत जाणारी प्रत्येक वस्तू मी घरच्या तराजूवर तोलायची आणि लिहायची. चमचेसुद्धा. तुम्ही लोकांना अभिमानानं सांगायचात, "आमच्या नलूची यादी म्हणजे शेवटचा शब्द."

त्या यादीत पिण्याचं पाणी वीस लिटर असं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे.

पहिल्या सहलीत आपण भंडारदऱ्याला गेलो होतो. तिथलं पाणी तुम्ही ओंजळीनं प्यायलात आणि परत येऊन कावीळ काढलीत. बावीस दिवस तुमचे डोळे हळदीसारखे होते. मी उशाशी बसून असायचे. तुम्ही बरे झालात आणि विसरलात. मी विसरले नाही. पुढच्या वेळी मी जास्त पाणी घ्यायचं म्हटलं तर तुम्ही हसलात.

"पाणी सगळीकडे मिळतं."

"मिळतं. खडकवासल्याचं मिळत नाही."

"वा! जसं काही धरणात सदाशिव पेठेनंच हंडे ओतले!"

"अमरावतीच्या माणसानं पाण्याबद्दल बोलू नये."

"बोलतोच. वीस लिटर. एक थेंब जास्त नाही. लिही यादीत."

मी लिहिलं. आणि माझ्या बिछान्याखालच्या खणात आणखी एक कॅन ठेवला.

त्या खणाला कुलूप होतं. यादीत त्यात चादरी, टॉवेल आणि रजई, अकरा किलो. तुम्ही माझ्या खणाला कधी हात लावला नाहीत, जसा घरी माझ्या कपाटाला लावला नाहीत. रिकामे कॅन मी आधीच आत ठेवायची. निघण्यापूर्वी तुम्ही जीप घेऊन चाकांत हवा भरायला जायचात. त्या अर्ध्या तासात मी बागेची नळी टपरीच्या खिडकीतून आत सोडायची. वरच्या मजल्यावरच्या गोखलेबाईंनी एकदा गॅलरीतून पाहिलं. "वहिनी, टपरीला पाणी घालताय? बंगला होईल म्हणता तिचा?" मी म्हटलं, "खिडकीच्या काचा धुतेय." परत आल्यावर उरलेलं पाणी त्याच नळीनं जास्वंदीला जायचं.

आधी एकच कॅन होता. तुम्हाला प्यायला. मग वाटलं, भाजी धुतो ते पाणी कुठे आपलं असतं? दुसरा ठेवला. भात कशात शिजतो? तिसरा. दात घासताना घोटभर पोटात जातंच. चौथा. पाचवा कशासाठी ठेवला हे मला आता आठवतही नाही. असावा म्हणून ठेवला. मंडईतून निवडून आणलेली भाजी, घरचे तांदूळ, आणि पाच कॅन खडकवासल्याचं पाणी. शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो, तुमच्या चमचे तोललेल्या टपरीत.

आणि तुम्ही कारण शोधत होतात.

टपरीचं तोंड चपटं आहे, वारा अडतो, असं म्हणून तुम्ही पत्रा ठोकून ते गोल केलंत. दीड महिना लागला. त्यानं नक्कीच फरक पडला असणार, पण त्याच सुमारास मी तिसरा कॅन ठेवला होता. मग चाकं बदललीत. मग ओट्याचं दार काढलंत, तिथे पडदा लावलात. वजन कमी करायला प्लायवूडला मागून भोकं पाडलीत. तुम्ही जे कमवायचात ते मी घालवायची, आणि आकडा नऊ पूर्णांक चार आणि नऊ पूर्णांक सहा यांच्यामध्ये अडकून बसलेला. तो मी स्वतःच्या हातानं लिहीत होते. तीस वर्षं मी मुलींना सांगितलं की नकाशात खूण चुकली तर लगेच सांगा, शिक्षा होणार नाही. मला कोण शिक्षा करणार होतं? तुम्ही? तुम्ही फार तर म्हणाला असतात, "पाहा बाप्पा, पुण्याचं पाणी किती महागात पडलं!" आणि कुलपाची किल्ली मागितली असतीत.

पण पहिल्या वेळी बोलले नाही, म्हणून दुसऱ्या वेळी बोलणं जड गेलं. आणि तुमच्या प्रत्येक नव्या खटपटीनंतर ते आणखी जड होत गेलं.

मग बाकांचा दिवस आला. तेराव्या चाचणीनंतरचा. मी आवारात आले तर करवतीचा आवाज येत होता. तुम्ही मागच्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला होतात. एक बाक बाहेर काढून ठेवलेला होता, दुसरा अर्धा कापलेला. मी विचारलं, "हे काय?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "अठरा किलो आहेत दोन्ही मिळून. मुलं काय, वर्षातून एकदा येणार. आपल्यामध्ये झोपतील." तुमच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता. माझ्या कमरेला तेव्हा खणाची किल्ली होती. मी आत जाऊन तुम्हाला पाणी आणून दिलं. घरातल्या नळाचं, तेच.

त्या मे महिन्यात मुलं आली. इरा टपरीत शिरली, मागच्या भिंतीवरच्या चार भोकांना बोट लावून म्हणाली, "आजोबा, बाबानं सांगितलं होतं इथे माझा बेड आहे." तुम्ही म्हणालात, "होता. गाडीला भूक फार लागत होती, तिनं खाल्ला." ती खो खो हसली. तुम्हीही हसलात. मी बाहेर आले आणि वाळत घातलेले टॉवेल पुन्हा पिळले. ते वाळलेले होते.

अभय तेव्हा म्हणाला होता, "बाबा, तिकडे कुणी अ‍ॅव्हरेज बघतसुद्धा नाही. जोडतात आणि निघतात."

"तिथं पंप असतात," तुम्ही म्हणालात, "आणि तिथं तुझी आई नसते."

सतरावी चाचणी या जानेवारीतली. नऊ पूर्णांक पाच पाच. पंपावर तुम्ही माझ्याकडून वही घेतलीत आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून बराच वेळ उभे राहिलात. शेऱ्यात काय लिहिलंत ते मी तेव्हा पाहिलं नाही. घरी आल्यावर चहा घेताना मला तुमचा तो चेहरा सहन होईना. खरं बोलायची ती वेळ होती. मी बोलले ते भलतंच. म्हटलं, "पुरे आता हे. नाही जमत तुमच्या टपरीला. विमानानं जाऊ लेहला, सगळे जातात."

तुम्ही कप खाली ठेवलात. "विमानानं लेह दिसेल. तुला रस्ता दाखवायचा होता. हिरवं कुठं संपतं आणि माती कुठं सुरू होते, ते."

"मला नाही बघायचं."

"बरं." मग बशीकडे बघत म्हणालात, "माह्यंच कुठंतरी चुकून राहिलं, नलू. एवढी वर्षं कारखान्यात काढली, अन् एक चूक सापडत नाही."

हे तुम्ही लाडात म्हणाला नव्हतात आणि रागातही नव्हतात. मी कप उचलले आणि धुवायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाकातली हवा बघायला खाली गेलात. गोखलेबाईंनी वरून हाक मारली तेव्हा मी पोळ्या करत होते. तुम्ही टपरीला टेकून बसला होतात, हवा मोजायचं यंत्र हातात. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. लोक मला तेच सांगून धीर देतात. मला त्या शब्दांनी धीर येत नाही. तुम्हाला काही कळलं नाही, हेच तर माझं दुःख आहे.

अभय आला. तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी मी त्याला म्हटलं, "उद्या वाईला जाऊन येऊ. टपरी जोड."

"आई? आत्ता?"

"चार दिवसांनी तू जाशील. मला जीप चालवता येत नाही."

"पण कशाला?"

"अठरावी चाचणी राहिली आहे."

तो बायकोला फोन करायला आत गेला. आईचं डोकं ठिकाणावर आहे का, हे दोघांनी ठरवलं असणार. पण आला. मी यादी घेऊन सगळं पुन्हा तोललं. अभय तुमच्यापेक्षा नऊ किलोनं जास्त भरतो. त्याबदली काही काढून ठेवलं नाही. चाचणी आपल्या विरुद्ध बाजूनं चुकली तर चालते, असं तुम्ही म्हणायचात. मग तो हवा भरायला गेला, आणि त्या अर्ध्या तासात मी खणाचं कुलूप काढून पाचही रिकामे कॅन बाहेर आणले आणि जिन्याखाली ठेवले. नळी भिंतीवर तशीच गुंडाळलेली राहिली.

पंपावरच्या माणसानं विचारलं, "काका नाही आले?" अभयनं मान हलवली. मी म्हटलं, "गळ्यापर्यंत भरा. गाडी हलवायची आहे." अभयनं जीप हलवली, तुमच्यासारखीच, दोन्ही हातांनी. वेग पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. ट्रक भोंगे वाजवत राहिले. वाईला मुक्काम केला, यादीतल्या वीस लिटरमध्ये स्वयंपाक केला, पाणी उरलं. दुसऱ्या दिवशी त्याच नळीखाली परत. किलोमीटर एकशे एकाहत्तर. डिझेल सोळा पूर्णांक नऊ.

मागच्या वेळी सतरा पूर्णांक नऊ होतं. एक लिटर. अहो, एक लिटरचा फरक होता. दुधाच्या पिशवीएवढा.

अभयनं मोबाइलवर भागाकार केला आणि ओरडला, "आई, दहा! दहा पूर्णांक एक! बाबांचं जमलं!" पंपावरची माणसं वळून बघायला लागली. मग त्याला आठवलं आणि त्यानं तोंड स्टिअरिंगवर टेकवलं. मी वहीत भागाकार हातानं करून पाहिला. तोच आला. घरी आल्यावर आणखी एक गणित केलं. ते दोन बाक असते, त्यांचे अठरा किलो असते, तरीही आकडा दहाच्या खाली गेला नसता. मुलांनो, तुमचे बाक कापायला नको होते.

पंपावर मी अठरावी ओळ नव्या पानावर लिहिली होती, तिच्यात शेऱ्याचा रकाना रिकामा होता. अभयनं विचारलं, "काय लिहायचं?" मी लिहिलं, 'जादा पाणी नेलं नाही.' "म्हणजे काय?" "गाडी चालव," मी म्हटलं. आता वाचताना त्याला कळेल. इरा, कबीर, बाबा वाचता वाचता थांबला तर त्याला पाणी द्या आणि थोडा वेळ काही विचारू नका.

मागच्या पानावरचा, सतराव्या ओळीतला तुमचा शेरा मी पंपावर पाहिला नव्हता, तो आज पाहिला. 'कारण समजत नाही.' अक्षर नेहमीसारखं सरळ. पुढे दोन बोटं जागा उरली होती. हे लिहिता लिहिता मध्येच उठले, पेनात शाई भरली आणि तिथे लिहिलं, 'जादा पाणी शंभर लिटर. नलिनी.' मग सोळाव्या ओळीपुढे, पंधराव्या ओळीपुढे, ज्या वेळी जितके कॅन होते तितके आठवून आठवून, पहिल्या ओळीपर्यंत. यादीतला वीसचा आकडाही दुरुस्त केला. सगळं एकदा वरपासून खालपर्यंत तपासलं, वह्या तपासायची तसं.

तुमचं कुठेही चुकलेलं नव्हतं.